कंप, कारण अजून ठाऊक नाही

"पोरी, डॉक्टरच्या तोंडात आपला घास कोंबाचा नाही. इचाराचं, अन् चूप बसाचं."

ग्यानबाजींचा हा आवाज अजून कानात आहे. वाशीमच्या आमच्या दवाखान्यातला नोंदींचा विभाग त्यांनीच उभा केला आणि निवृत्त होण्याआधी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. काम ऐकायला कोरडं आहे. डॉक्टर रुग्णाला तपासतात, दिसलं ते लिहितात, आणि त्या लिहिण्याला आपण ठरलेला कोड लावायचा. जगभर चालणारी आजारांची एक मोठी यादी आहे, तिच्यात प्रत्येक आजाराला आपलं घर दिलेलं. नुसत्या हात थरथरण्याला किती घरं! वंशात उतरलेला कंप वेगळा, पार्किन्सनचा वेगळा, दारू सुटताना येणारा वेगळा. औषधानं आलेला असेल तर त्या औषधाचंही नाव लावावं लागतं. आणि काहीच कळलं नसेल तर त्यालाही एक घर आहे: कंप, कारण अजून ठाऊक नाही.

संशयाला मात्र घर नाही. तपासून त्याच दिवशी घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर डॉक्टरांनी 'अमुक आजाराचा संशय' लिहिला, तर त्या आजाराचा कोड लावायचा नसतो. जेवढं दिसलं तेवढंच लावायचं. नाहीतर पुढच्या कार्डावर आजाराचं नाव छापून येतं आणि ते नाव प्रत्येक डॉक्टरच्या दारात रुग्णाच्या आधी जाऊन बसतं.

मला हे काम मानवलं. सकाळी दिवा लावून मी पंचशील घेते. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलापाशी आवाज आपोआप हळू होतो, कारण माझं पोट त्याच्यावरच आहे. यंदा पावसाळ्याचा तीन महिन्यांचा वर्षावास बसला तेव्हा विहारात मी आणखी एक व्रत घेतलं. जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, चांगलं नाही की वाईट नाही.

माझी आई वच्छला ते ऐकून पोळी लाटायची थांबली. "मंग तू अन् मी बोलाचं काय आता?"

"आपल्याबद्दल बोलू."

"आपल्यात काय हाय बोलाले!" असं म्हणून तिनं पुन्हा लाटणं उचललं.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जैतुनबी राहते. सगळी गल्ली तिला खाला म्हणते, मीही. ती बांगड्या भरते. खांद्याला झोळी, हातात पत्र्याची पेटी, पेटीत दोऱ्यात ओवलेल्या काचेच्या माळा. वाशीमच्या गल्ल्या, रिसोडचा बाजार, कधी कामरगावपर्यंत तिची फेरी असे. चुडा भरायला मांडवात खाला बसली की बायका आपोआप रांग धरत. हात कितीही आखूड, जाड असो, ती अंगठा तळव्यात दुमडायची, गोष्टीत गुंतवायची, आणि बांगडी मनगटावर केव्हा गेली ते त्या बाईलाही कळायचं नाही.

तिचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीत वाजायचा. चालही हळू झाली होती. आणि रिसोडच्या ललिताबाईला तिनं शब्द दिलेला होता. ललिताबाई आमच्याच गल्लीची लेक, तिच्या लग्नाचा चुडा खालानंच भरला होता. आता मार्गशीर्षात तिच्या मुलीचं, रेणूचं लग्न होतं. "तुह्या पोरीचाही मीच भरीन," असं खाला बोलून बसली होती. चुडा भरताना बांगडी तडकली तर आमच्याकडे तिला 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. पण नवरीच्या हातात वाढलेली कुणालाच नको असते. एखादी तडकली तर बाया गप्प राहतात. तीन-चार तडकल्या तर हळूच दुसऱ्या बाईला बोलावणं जातं.

भाद्रपदात एका दुपारी खालाचा मुलगा अन्सार माझ्या खिडकीशी आला. बाजारात त्याचं चपलांचं दुकान आहे. हातात आईचा कागद होता, डॉक्टर अमरसिंग राठोडांनी नुकताच लिहिलेला. डॉक्टर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे. बोलायला मोकळे, लिहायला कंजूस. कागदावर होतं: दोन्ही हातांना कंप, काही महिन्यांपासून. हालचाल मंद. पार्किन्सनचा संशय. सध्या चालू असलेली औषधं लिहायची जागा कोरी होती.

"ताई, एक काम करा," अन्सार खिडकीत वाकून म्हणाला. "ते संशय-बिंशय काढून टाका अन् सरळ बिमारीचं नाव छापून द्या. म्हणजे अम्मी घरी बसन. माह्यं आयकत नाही, कागदाचं आयकन."

"वाचता येते त्यायले?"

"नाही ना. मनून तर कागदाले भेते."

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्याचं लगेच विझलं. "परवा येष्टीतून उतरताना तोल गेला तिचा. कंडक्टरनं धरली मनून बरं. कमवाची काय गरज हाय तिले? घरी बसावं, नमाज पढावी, नातवंडायले खेळवावं."

"अन्सारभाऊ, डॉक्टरनं जेवढं पक्कं लिहिलं तेवढंच मले लावता येते. पक्का त्यायनं कंपच लिहिला."

"बस? थरथरते हे तर मलेही दिसते!"

"हो. सध्या तेवढंच दिसते."

तो चिडला नाही. मान हलवत गेला. मी कोड लावला, कंप, कारण अजून ठाऊक नाही, आणि कोऱ्या जागेबद्दल डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. आमच्याकडे अशी चिठ्ठी पाठवायची एक रीत आहे. 'औषधामुळे तर नाही ना?' असं विचारायचं नसतं, तसं विचारलं की उत्तर आपणच पुरवल्यासारखं होतं. मी एवढंच लिहिलं: रुग्ण सध्या कोणती औषधं घेतात याची नोंद नाही, कृपया करावी.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः खिडकीशी थांबले. "धम्मदीपाताई, विचारलं होतं बरं का मी. नाही म्हणाल्या. लिहायचंच राहिलं." आणि त्यांनी कोऱ्या जागेत लिहिलं, रुग्णाच्या सांगण्यानुसार कोणतंही औषध चालू नाही. मग पेन खिशाला लावत म्हणाले, "कंप बघायला त्यांना कागदावर गोल काढायला लावला, तर त्यांनी आयुष्यात पेन धरलेलं नाही. हात समोर धरा म्हटलं, तर ओढणीखालून बाहेर काढीनात. मी नीट तपासलं असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी बघू."

घरी आले तर आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "जैतुनले दवाखान्यात नेलं म्हणतात. काय निघालं?"

"तिलेच इचार."

"व्रत की काय ते!"

"व्रत आहेच. नोकरीही आहे," मी म्हटलं. आई पुटपुटली, आणि मला भाजी जरा जास्तच वाढली.

त्या रविवारी खालानं मला दारातून हाक मारली. ओट्यावर पेटी उघडून बसली होती.

"ये दीपा बेटा. हात दे."

"माह्याकडं आहेत खाला, परवाच्याच."

"पैशे नाही मांगत. हात दे मनलं."

मला कळलं. तिला माझ्या हातावर आपले हात अजमावायचे होते. मी समोर बसले. तिनं माझा अंगठा दुमडला. तिची बोटं गार होती आणि माझ्या बोटांवर आल्यावरही थांबत नव्हती. पहिली बांगडी गेली. दुसरी गाठीवर अडली, तिनं जरा रेटली, आणि ती तडकली. मनगटावर लाल रेघ उठली.

"वाढली," ती हळूच म्हणाली.

"वाढू द्या. दुसरी घ्या."

तिसरीही वाढली. मी हात मागे घेतला नाही. तिनंच सोडला. रेघेवर लावायला तेलाची बाटली काढायला पेटीचा खालचा कप्पा ओढला, आणि तेलाबरोबर गोळ्यांचं एक पाकीट वर आलं. तिनं ते झटकन काचेच्या माळांखाली सारलं. पण चोरी तिच्या हातांना जमत नव्हती. माळा खळखळल्या.

 मी विचारलं, "खाला, ते काय होतं?"

"काई नाही. चक्करची गोळी."

"डॉक्टरनं इचारलं नव्हतं, कोणती दवा चालू हाय?"

"इचारलं ना. म्या मनलं नाही. चालू कुठं हाय? म्या तं चक्कर आली तरच घेते."

"अन् चक्कर कधी येते?"

खालानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. "रोज."

आम्ही दोघी हसलो. ती इतकी हसली की डोळ्यांना ओढणी लावावी लागली. मग ओढणी तिथंच राहिली, आणि मला कळलं की आता ती हसत नव्हती.

"सकाळी घेऊन निंगते, मंजे रस्त्यात येत नाही. मागल्या सालच्या बकरीदच्याही आधीपासून. मेडिकलवाला नुसतं पाकीट दाखवलं का देते. अन्सारले सांगतलं असतं का चक्कर येते, तं त्यानं पेटी माळ्यावर टाकली असती. या अल्ला, घरात बसून म्या काय करू? सून चांगली हाय, मनून आणखीच काम नाही मले."

"अन् डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"अन्सार तिथंच उभा होता ना बाजूले! शिपायावानी!"

गल्लीतून एक गाडी गेली. गाडीचा आवाज विरला, तशी खाला एकदम माझ्याकडे वळली.

"तूच सांगून टाक ना डॉक्टरले. तू तं तिथंच रायते. तुह्या तं हातात हाय सगळं."

हे खरं तर सोपं होतं. एक वाक्य. पण ते वाक्य माझं नव्हतं. तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल बोलायचं आणि आपण तिचं भलं केलं असं समजायचं, हे मला पटेना. शिवाय उद्या अन्सारला ते डॉक्टरांकडून कळलं असतं, तर आई आणि लेकाच्या मध्ये मी जाऊन बसले असते.

"मी नाही सांगणार खाला. तुमीच सांगा."

"वा गं वा! दिवसभर लोकायच्या बिमाऱ्या लिहिते, अन् माही एक गोळी नाही सांगता येत?"

"लिहिते मी, पण सांगते दुसरंच कोणी. अन् ही गोळी अन् हे हात, ह्यांचं एकमेकाशी काही नातं आहे का नाही, ते मले ठाऊक नाही. असंन, नसंन. पण डॉक्टरले पुरं सांगतल्याबिगर त्यायलेही नाही कळणार."

"कागदाची पोरगी हायस तू," ती म्हणाली. "सच्ची अन् कोरडी."

"तुमच्या संगं येते ना पण. बाहेर बसन. तुमी सांगेपर्यंत उठणार नाही."

खालानं तडकलेल्या काचा एका कागदात गोळा केल्या, एकही तुकडा ओट्यावर ठेवला नाही. मग पाकीट माळांखालून काढून झोळीत टाकलं. "परवा जाऊ. अन्सारले मी सांगते दवाखान्यात जाचं मनून. बाकीचं तिथंच सांगीन. घरी सांगतलं तं दवाखान्यात जाईस्तोर तो मले बोलून बोलून मारीन."

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. मी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले. दार पुरतं लागत नाही तिथलं, सगळं ऐकू येतं, फटीतून थोडं दिसतंही.  आधी झोळीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग खालाचा.

"डाक्टरसाब, हे घ्या. म्या मागल्या वेळी झूट बोलली. चक्कर येते मनून खाते. रोज खाते. एक दीड साल झालं."

"अम्मी!" अन्सारचा आवाज. "मले काहून नाही सांगतलं?"

"तू घरी बसवलं असतं."

"अन् येष्टीखाली आली असती तं?"

"तं मंग तू घरीच बसवलं असतं ना. तेच तं."

कोणीतरी हसलं. डॉक्टर असावेत. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ते शांतपणे समजावू लागले. चक्करवरच्या अशा गोळ्या जास्त दिवस घेतल्या की काही माणसांना हात थरथरणं, हालचाल मंद होणं असं होतं, अगदी पार्किन्सनसारखं दिसतं. तेच असेल असं आज सांगत नाही. गोळी बंद करू. बंद केल्यावर हात सुधारले तर कारण कळलं. नाही सुधारले तर पुढे पाहू. आठवडे लागतील, महिनेही लागतील. चक्कर कशानं येते ते मात्र आजच बघतो.

चक्कर कानातली निघाली. त्यांनी खालाला पलंगावर निजवून मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवली आणि ते व्यायाम अन्सारलाही शिकवले. शेवटी म्हणाले, "आजी, आता हात दाखवा. ओढणीखाली नको. गोल काढू नका, तुमचं काम करून दाखवा."

नर्सनं हात पुढे केला. पेटी खालाबरोबर होतीच, ती कुठे पेटीशिवाय जाते. आत काच दोनदा तडकली. बाहेर मी डोळे मिटून घेतले.

तो कागद माझ्याकडे आला तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मानानं पुष्कळ लिहिलं होतं. गोळीचं नाव, किती दिवस, डॉक्टरांनी लिहून न देता घेतलेली. बांगडी भरताना कंप वाढतो. औषधामुळे असण्याची शक्यता. म्हणजे अजून शक्यताच. मी पुन्हा तोच कोड लावला, कंप, कारण अजून ठाऊक नाही. त्या दिवशी तो लावताना मला बरं वाटलं. ठाऊक नसणं नीट लिहून ठेवता येतं, आणि कुणी घाई करत नाही, हे मला मोठं सुख वाटतं.

गोळी हळूहळू कमी करत बंद झाली. पहिल्या आठवड्यांत काहीच फरक नव्हता. अन्सारनं पेटी माळ्यावर टाकली नाही, पण स्वतःच्या दुकानात नेऊन ठेवली. खाला ओट्यावर बसून मान फिरवायची, आणि गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची. ती त्यांना शिव्या द्यायची आणि नक्कल चुकली तर दुरुस्तही करायची. नवरात्रीत बायका बांगड्या भरायला विचारत आल्या, तिनं परत पाठवल्या. दिवाळीच्या सुमारास एकदा तिनं माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. तो वाजला, पण आधीसारखा नाही.   दोघींनी ते ऐकलं.

ललिताबाईचा रिसोडहून फोन आला तो त्यानंतर. खालानं तो मोठ्या आवाजावर टाकला होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"खाला, येता ना?"

"बेटा, हात पुरे नाहीत झाले अजून. रेणूच्या हातात वाढली तं लोक काय मनतीन? दुसरी भरणारी पाहून घे तू. रिसोडात मिळन."

"मले दुसरी नाही पायजे. माह्या चुड्यातल्याही दोन वाढल्या होत्या, याद हाय? तुमी मले सांगतलं होतं, घरात माणसं वाढतीन. पाच लेकरं झाले मले!"

"मंग रेणूले तं इचार, पाच पायजेत का तिले!"

तिकडे खूप बायका हसल्या. त्यांत एक हसणं तरुण होतं. इकडे अन्सार तोंड फिरवून हसत होता. त्यानंतर तो दुकानात गेला आणि पेटी घेऊन आला. ओट्यावर ठेवताना एवढंच म्हणाला, "गाडी माही राहीन. येष्टीनं नाही जायचं."

"गाडीवर पेटी धरू का तुले धरू? येष्टीनंच जाईन. खिडकीजवळ बसीन."

"अम्मी..."

"सांगतलं ना तुले सगळं? आता काई लपवत नाही. चक्कर आली तं खाली बसीन अन् तुले फोन करीन. कबूल?"

 "कबूल. पोचली का पयले फोन कर."

कार्तिकात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नर्सच्या हातावर चार बांगड्या गेल्या, एकही वाढली नाही, पाचवीला हात किंचित डगमगला. डॉक्टरांनी पक्कं लिहिलं: औषधामुळे आलेला कंप, औषध बंद केल्यावर सुधारणा, अजून थोडा शिल्लक. मी कंपाचं आधीचं घर सोडून त्याला त्याच्या खऱ्या घरी नेलं आणि शेजारी गोळीचंही नाव लावलं. त्या संध्याकाळी विहारात वंदनेला बसले तर मन उगीचच प्रसन्न होतं.

मार्गशीर्षातली ती सकाळ थंड होती. मी अंगण झाडत होते. खालाचं दार उघडलं, पण नेहमीसारखी हाकाटी नाही, कुणाला ओरडणं नाही. तिनं पांढरी ओढणी डोक्यावरून नीट घेतली होती. पेटी उचलताना हात जरा थरथरला. तिनं पेटी खाली ठेवली, श्वास घेतला, आणि पुन्हा उचलली. माळा आत किणकिणल्या. मला पाहून मान हलवली. मीही हलवली. मग ती भिंतीच्या कडेनं, पाय जपून टाकत, रिसोडच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाली.